मंत्रिपदाविना नेता: मार्टिन ट्रानमेल

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम या बंदराच्या शहराजवळ मेलहूस नावाचा शेतीचा मुलूख आहे. १८७९ साली मार्टिन ट्रानमेल यांचा जन्म इथे झाला. पुढे त्यांनी घरं रंगवण्याचं काम धरलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत गेले. तिथल्या कामगार चळवळीचा जहाल पंथ त्यांनी जवळून पाहिला. प्रत्येक धंद्याची वेगळी युनियन नको, सगळ्या कामगारांची एकच फळी हवी, असं तो पंथ सांगत होता. ट्रानमेल परतले ते हाच विचार घेऊन.

नॉर्वेत तेव्हा धबधब्यांच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली होती आणि त्या विजेवर मोठे कारखाने उभे राहत होते. डोंगर फोडायला, रेल्वेमार्ग टाकायला गावोगावचे तरुण येत, बराकीत राहत आणि काम संपलं की पुढच्या ठिकाणी जात. वेतनकराराची मुदत संपेपर्यंत संप करायचा नाही, हे बंधन अशा फिरत्या मजुरांना जाचायचं. १९११ साली ट्रॉनहाइममध्ये ट्रानमेल आणि त्यांच्या सोबत्यांनी ठराव केला: मुदतीचे लेखी करार नकोत, संप, सहानुभूतीचे संप, बहिष्कार आणि कामात अडथळे आणणं, हीच आपली हत्यारं.

पुढच्याच वर्षी राजधानीत त्यांनी एक भाषण केलं. संपावर जाताना खडकाच्या भोकांत थोडा डायनामाइट राहिला, तर संपफोडे तिथे कामाला धजावणार नाहीत, असा त्याचा आशय होता. विरोधक हे भाषण कधीच विसरले नाहीत. ‘डायनामाइटवाला’ ही प्रतिमा त्यांना आयुष्यभर चिकटली.

ते मोठे वक्ते होते, पण त्यांची खरी ताकद वर्तमानपत्रात होती. आधी ट्रॉनहाइमचं ‘न्यू टिड’, मग १९२१ पासून राजधानीतलं मजूर पक्षाचं मुखपत्र. ‘आर्बाइदरब्लादे’ या नावाने ते पुढे घराघरांत गेलं. पक्षाची दिशा ठरायची ती या संपादकाच्या टेबलावर, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १९१८ च्या अधिवेशनात जहाल गटाने मजूर पक्ष ताब्यात घेतला. क्यूर्रे ग्रेप अध्यक्ष झाले, ट्रानमेल सचिव.

पुढच्या वर्षी पक्ष मॉस्कोच्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेत, सामील झाला. आता खरा पेच उभा राहिला. नॉर्वेत युनियनच्या युनियन पक्षाच्या सभासद असायच्या. मॉस्कोला हवा होता कडक शिस्तीचा, वरून आदेश घेणारा पक्ष. ट्रानमेल क्रांतिवादी होते, पण आपल्या कामगारांचे निर्णय परक्या राजधानीत व्हावेत, हे त्यांना कदापि मान्य नव्हतं. १९२३ साली पक्ष फुटला. अल्पमतातल्या गटाने कम्युनिस्ट पक्ष काढला. ट्रानमेल यांच्यासोबत बहुमत राहिलं. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. रशियन क्रांतीचं तेज तेव्हा डोळे दिपवत होतं, आणि त्या तेजाकडे पाठ फिरवायला मन घट्ट असावं लागतं.

तरीही ते लगेच मवाळ झाले नाहीत. सैनिकी सेवेवर बहिष्कार टाकण्याच्या आवाहनासाठी ते तुरुंगात गेले. १९२८ साली मजूर पक्षाचं पहिलं सरकार आलं आणि तीन आठवड्यांच्या आत पडलं. मग मंदी आली. १९३१ साली मालकांनी केलेल्या कारखान्यांच्या प्रचंड टाळेबंदीत मेन्स्ता इथे कामगार आणि पोलीस भिडले, सरकारने सैन्य धाडलं.

बेकारीने घरं उद्ध्वस्त होत असताना क्रांतीची वाट पाहत बसायचं? १९३३ ची निवडणूक पक्षाने ‘सगळ्या जनतेला काम’ या घोषणेवर लढवली आणि ४० टक्के मतं मिळवली. १९३५ मध्ये शेतकरी पक्षाशी समझोता होऊन योहान न्यूगॉर्सवोल पंतप्रधान झाले. त्याच वर्षी कामगार महासंघ आणि मालक संघटना यांच्यात मूलभूत करार झाला. मुदतीच्या करारांविरुद्ध आयुष्य पेटवलेल्या माणसाच्या चळवळीने हा करार केला. काहींना ती माघार वाटली. मला वाटत नाही: संघटना दुबळी असते तेव्हा करार बेडी ठरतो, आणि तीच बळकट झाली की मालकालाही बांधून ठेवतो.

ट्रानमेल यांनी मंत्रिपद कधी घेतलं नाही. संसदेतही ते एकच कार्यकाळ बसले. लग्न केलं नाही, दारूला शिवले नाहीत. जर्मन आक्रमणानंतरची वर्षं त्यांनी स्टॉकहोममध्ये काढली.

त्यांचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९३८ पासून ते शांतता पारितोषिक देणाऱ्या नोबेल समितीवर होते. १९४७ साली मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष मावळंकर यांनी महात्मा गांधींचं नाव सुचवलं. पाच सदस्यांपैकी दोघे गांधींच्या बाजूने होते. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना गांधींना पारितोषिक द्यायला ट्रानमेल राजी नव्हते. पारितोषिक क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या संस्थांना गेलं. जानेवारी १९४८ मध्ये गांधींची हत्या झाली, आणि त्या वर्षी समितीने योग्य जिवंत उमेदवार नसल्याचं सांगून पारितोषिक कुणालाच दिलं नाही. संप आणि बहिष्कार ही निःशस्त्रांची हत्यारं आयुष्यभर ज्यांनी जोखली, त्या ट्रानमेल यांनी तरी गांधींना ओळखायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.