डिझेल हीटरचा वास: आधी ओळखा, मग पाना उचला

नमस्कार मंडळी! नागपूरवरून ४४ नंबरचा हायवे थेट श्रीनगरपर्यंत जातो. थंडीत त्या बाजूला गाडी काढायची म्हणून व्हॅनमध्ये किंवा ट्रकच्या केबिनमध्ये डिझेल हीटर बसवलाय, आणि आता तक्रार एकच, वास येतो. नुसतं "वास येतो" सांगून मेकॅनिकलाही काही कळत नाही. कसला येतो आणि नेमका कधी येतो, हे आधी पकडू या.

त्याआधी एक गोष्ट. वास जळक्या धुराचा असेल, डोळे चुरचुरत असतील, डोकं जड होत असेल, तर पॅनलवरून हीटर बंद करा, दारं उघडा आणि बाहेर या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. त्यामुळे वास गेला म्हणजे गॅस गेला, असं धरू नका. "खिडकी जराशी उघडी ठेवून झोपतो" हाही उपाय नाही. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. झोपल्यावर डोकं जिथं येतं, साधारण त्या उंचीला लावा.

आता हीटरचं काम समजून घ्या. यात दोन वेगळ्या हवा असतात. एक खालून येते, डिझेलबरोबर जळते आणि सायलेन्सरमधून खालीच निघून जाते. दुसरी केबिनची, ती गरम ॲल्युमिनियमच्या बाहेरून फिरून परत आत येते. या दोघींची गाठ पडता कामा नये.

म्हणून पहिली चाचणी ही: हीटर न पेटवता नुसता पंखा चालवा. वास आला, तर कुठंतरी डिझेल पाझरतंय नाहीतर आत धूळ बसलीय. पेटल्यावरच येत असेल, तर संशय धुराच्या वाटेवर.

(क्लोज-अप: पंपाचा जोड, पांढरा टिश्यू पेपर)

कच्च्या डिझेलचा वास असेल तर टाकीपासून हीटरपर्यंत प्रत्येक जोडाला टिश्यू गुंडाळा, दहा मिनिटं हीटर चालवा, मग पाहा. हा बघा, इथं पिवळसर ओला डाग आला. बहुतेक वेळा दोष क्लिपचा असतो. पट्टी आवळायची साधी क्लिप एवढ्या बारीक नळीवर गोल बसत नाही, एका बाजूला फट राहते. फ्युएल लाइनची छोटी स्क्रू क्लिप लावा. रबरी तुकडा डिझेलसाठीचाच घ्या, आणि त्यात दोन्ही नळ्यांची टोकं एकमेकांना टेकवा. आपल्या मे महिन्यात बंद गाडीत साधं रबर कडक होऊन तडकतं. प्लॅस्टिकची टाकीही गच्च भरू नका, उन्हात डिझेल फुगून झाकणातून येतं. सांडलेलं डिझेल कार्पेटखालच्या फोममध्ये मुरलं असेल, तर तो तुकडा बदला. अत्तर मारून काही होत नाही.

धुराचा वास असेल तर हीटर पूर्ण थंड होऊ द्या आणि गाडीखाली जा. जोडावर काळी काजळी दिसली की गळती तिथंच. सायलेन्सर आणि त्याचे जोड केबिनच्या आत असूच नयेत, कारण स्वस्तातल्या सायलेन्सरच्या शिवणीही गळतात. पाइपचं तोंड दाराखाली किंवा हवा ओढणाऱ्या नळीजवळ असेल, तर धूर फिरून आत येतो. हीटर आणि फरशी यांच्यामधलं गॅस्केट सपाट बसलंय का, तेही तपासा. बर्नर उघडलात तर त्याचं गॅस्केट नवंच लावा, जुनं परत बसवू नका.

आपल्याकडे हीटर फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत पडून असतो. तेवढ्यात कुंभारीण माशी पाइपात मातीचं घर करते. हवा अडते, डिझेल अर्धवट जळतं, पांढरा धूर येतो. सीझन सुरू होण्याआधी हवा ओढायचा आणि धुराचा, दोन्ही पाइप काढून आरपार उजेड दिसतो का पाहा. पंख्यावरची आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवरची धूळही साफ करा, ती जळाली की करपल्यासारखा वास येतो. हीटर कोरा असेल तर पहिल्यांदा आतला लेप जळतो. गाडी मोकळ्यावर उभी करून, दारं उघडी ठेवून तो फुल्लवर चालवा, वास ओसरेपर्यंत आत बसू नका.

दोनदा पेटला नाही, तर तिसऱ्यांदा बटण दाबू नका. न जळलेलं डिझेल आत साचतं आणि पेटलं की धुराचा लोट निघतो. बंद करताना बॅटरीची वायर काढू नका. पंखा काही मिनिटं चालून आतली उष्णता बाहेर काढतो, ते होऊ द्या. आणि रात्रभर मंद आचेवर चालवलात, तर बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फुल्ल करा, नाहीतर काजळी धरते.

शेवटचं, उंचीचं. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर, लेह ३,५०० च्या आसपास. तिथली हवा इथल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश विरळ, आणि पंप मात्र डिझेल तेवढंच सोडतो. म्हणून काळा धूर आणि उग्र वास. हीटरमध्ये उंचीचा मोड असेल तर घाट चढण्याआधीच चालू करा. नसेल तर पंपाचे ठोके, म्हणजे तो डिझेल किती वेळा ढकलतो ते, थोडे कमी करा, आणि ते सेटिंग कुठं बदलायचं, हे घरून निघण्याआधी पॅनलवर शोधून ठेवा.