खारीला फ्रँकफर्टला नेलं त्याची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला आमच्या खारीबद्दल सांगणारे. खारी म्हणजे चहात बुडवायची नाही, पण सापडली मात्र बेकरीच्या पायरीवरच आणि रंगही तसाच भाजलेला, म्हणून खारी. देशी कुत्री, वजन १८ किलो, एक कान उभा आणि एक कायम पडलेला. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये नवऱ्याला फ्रँकफर्टला नोकरी मिळाली, घरात पेढे आले, आणि सासूबाईंनी पेढा हातात धरूनच विचारलं, "खारीचं काय?"

नातेवाइकांचं म्हणणं एकच, कुत्रंच आहे, द्या कोणालातरी. आणि मी एवढी हुशार की मला वाटलं माणसाचं तिकीट काढतात तसं तिचंही काढायचं, पैसे थोडे जास्त, संपला विषय. तर तसं नाहीये. तिकीट ही सगळ्यात शेवटची गोष्ट. त्याच्या आधी निदान चार-साडेचार महिने लागतात, आणि त्यात महत्त्व आहे ते क्रमाला. आम्ही तिथेच आपटलो.

म्हणजे बघा, भारतातून युरोपियन युनियनमध्ये कुत्रं न्यायचं तर आधी चिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली सुईने टोचतात, तिच्यात १५ आकडी नंबर असतो. चिपनंतर रेबीजची लस. लसीनंतर कमीत कमी ३० दिवस थांबायचं आणि मग रक्त काढायचं, ते युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबलाच पाठवायचं, आणि त्यात रेबीजच्या अँटीबॉडीज मिलीलीटरला ०.५ युनिट किंवा त्याहून जास्त यायला हव्यात. आल्या की लगेच निघालात असं नाही, रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने अजून थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नाही हं, रक्त काढल्याच्या तारखेपासून, इथे पुष्कळ जण गोंधळतात.

आता आमचं काय झालं, तर आमच्या डॉक्टरांनी मंगळवारी लस दिली आणि म्हणाले चिप संपल्यात, पुढच्या आठवड्यात या. मी म्हटलं चालेल, मला काय कळतंय. तीन आठवड्यांनी एका मैत्रिणीने लसीचं कार्ड बघितलं, तिने स्वतःचा लॅब्रॅडोर नेदरलँड्सला नेलेला, ती म्हणाली अगं चिप नंतर घातलीय, ही लस तिकडच्या हिशेबात दिलेलीच नाही! आणि बरोबरच आहे ना, चिप नसताना लस दिली ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? मग ऑक्टोबरात परत लस, परत ३० दिवस, नोव्हेंबरच्या मध्यावर रक्त, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आम्ही पुण्यातच. नवरा एकटा पुढे गेला आणि रोज रात्री व्हिडिओ कॉलवर माझ्याशी कमी आणि कुत्रीशी जास्त बोलायला लागला.

तीन महिने कशाला, याचा मलाही आधी राग आला होता. पण कारण पटण्यासारखं आहे. रेबीज अंगात शिरला तरी काही आठवडे, कधी महिनेही बाहेर दिसत नाही, तेव्हा रक्तातल्या अँटीबॉडीज लसीमुळेच आल्यात ना, हे त्या तीन महिन्यांत कळून येतं. आपल्याकडे रेबीज आहे, पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांनी तो संपवलाय, त्यांना तो परत नकोय. खारीचा आकडा आला २.६, मी फॅमिली ग्रुपवर टाकला तर मामांचा मेसेज, "हे किती पैकी?"

आता या थांबायच्या महिन्यांत करायचं काय, तर क्रेट, म्हणजे कुत्रं ज्यात बसून विमानातून जातं तो जाळीच्या दाराचा खोका. लोक पिंजरा म्हणतात, म्हणू देत. विमान कंपन्या कुत्र्याचं माप मागतात आणि ते शिंप्याच्या टेपनेच घ्यावं लागतं. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं, ती झाली क्रेटची लांबी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची इतकी की डोकं किंवा कान छताला न लागता उभं राहता यावं. आता खारीचा एकच कान उभा, पण मोजायचा तोच. सासूबाईंनी टेप धरला, मी कुत्री धरली, आणि खारीने टेप चावला.

आमच्या क्रेटला प्लॅस्टिकचे खटके होते, ते चालत नाहीत, दोन्ही भाग धातूच्या नट-बोल्टने आवळलेले लागतात. बोहरी आळीत गेले तर दुकानदार म्हणाले ताई कशासाठी हवेत, म्हटलं कुत्रीला जर्मनीला पाठवायचंय, तर त्यांनी न बोलता दोन नट जास्तीचे टाकले पुडीत.

क्रेट घरी आला की कुत्र्याला लगेच आत ढकलू नका हो. खारी पहिले आठ दिवस त्याच्याकडे बघून गुरगुरायची. मग सासूबाईंनी त्यात त्यांच्या जुन्या नऊवारीची गोधडी घातली आणि जेवणाची थाळी आत ठेवायला लागल्या, दार उघडं. महिन्याभरात ती दुपारची झोप तिथेच काढायला लागली, मग दार पाच मिनिटं बंद, मग तासभर, मग अख्खी रात्र. माझं स्पष्ट मत आहे, कागदपत्रं एजंट करून देईल पण हे काम एजंट करू शकत नाही.

आणि झोपेची गोळी देऊ नका. आमच्या सोसायटीत किमान चार जणांनी हा सल्ला दिला. गुंगीत रक्तदाब उतरतो, तोल जातो, श्वासाला त्रास होऊ शकतो आणि वर आकाशात बघायला कोणी नसतं. दुसरा गैरसमज, खाली बॅगांमध्ये कुत्रं गारठून मरतं. जिथे प्राणी ठेवतात त्या भागात हवेचा दाब केबिनसारखाच असतो, तापमान सांभाळतात, आणि विमानात जिवंत प्राणी आहे हे कॅप्टनला लेखी कळवलेलं असतं. अंधार असतो, आवाज असतो, हे खरंय. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र खरंच धोका आहे, बऱ्याच कंपन्या त्यांना खाली घेतच नाहीत.

शेवटचे दहा दिवस म्हणजे नुसती पळापळ. युरोपचं हेल्थ सर्टिफिकेट सरकारी पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्याचं लागतं आणि ते दिल्यापासून तिथे पोचेपर्यंत दहाच दिवस चालतं. त्यासाठी मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसात कुत्रं घेऊन जायचं. पहाटे पाचला पुण्यातून निघालो, खंडाळ्याच्या घाटात खारीने सीटवर ओकून ठेवलं, आणि मी तोच ड्रेस घालून साहेबांसमोर. त्यांनी चिपवर मशीन धरलं, १५ आकडे कागदाशी ताडून बघितले. एक आकडा चुकला असता तर घरी परत.

विमान मध्यरात्रीनंतरचं होतं, ते बरंच, कडक उन्हात कुत्रं विमानाजवळच्या तापलेल्या डांबरावर नको. पाण्याची वाटी आदल्या रात्रीपासून फ्रीझरमध्ये ठेवलेली, बर्फ सांडत नाही, हळूहळू वितळतो. एअरपोर्टवर क्रेट रिकामा करून तपासतात आणि तेवढा वेळ कुत्रं पट्ट्याला धरून आपण गर्दीत उभे. एक जवान आला, खारीच्या पडलेल्या कानाला हात लावून म्हणाला, "देसी है? हमारे गाँव में बिलकुल ऐसी है." आणि मला तिथे रडू आलं, इतका वेळ नव्हतं आलं.

बाकीच्या देशांचं पटकन सांगते. ब्रिटनला विमानाने कुत्रं कार्गोनेच जातं, म्हणजे आपल्या सामानाबरोबर नाही, वेगळा माल म्हणून, आणि पोचायच्या १ ते ५ दिवस आधी जंताचं औषध दिल्याची नोंद लागते. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत, सहा महिन्यांखालचं पिल्लू नाहीच. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही.

नऊ तासांनी फ्रँकफर्ट. कस्टमच्या लाल दरवाजातून जायचं, म्हणजे बरोबर काय आणलंय ते सांगायचं, लपवाछपवी नाही. तिथल्या बाईंनी चिप वाचली, कागद बघितले आणि म्हणाल्या, "कारी?" खारी शेपूट हलवत उठली, म्हणजे तिलाही तेच नाव पटलं असावं. आता इथे ती कुत्र्यांचा टॅक्स भरणाऱ्यांच्या घरात राहते, हो, जर्मनीत बहुतेक गावांत असा टॅक्स असतो, बर्लिनला पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो.

क्रेट नवऱ्याला तळघरात टाकायचा होता, टाकू दिला नाही तिने. अजून त्यातच झोपते, त्याच गोधडीवर, आणि गोधडी धुवायला काढली की मागे मागे मशीनपर्यंत येऊन बसते, म्हणून मी काढणंच सोडलंय. सासूबाई रविवारी फोन करतात, आधी खारी दाखव म्हणतात, मग विचारतात, "गोधडी धुतलीस का गं?"

मी हो म्हणते.