शियोंचे दोन चेहरे

मंडळी, मघाशी एका ताईंनी विचारलं, शियोंच्या किल्ल्याचे सगळे फोटो सारखेच का दिसतात? कारण आपण सगळे एकाच जागी उभे राहतो. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो गावाहून जिनिव्हा सरोवराच्या काठानं पाऊण-एक तास चालत आलं की किल्ला समोर येतो आणि मागे दाँ द्यु मिदीची शिखरं. तो फोटो घ्याच, सुंदरच येतो. पण तेवढ्यावर परतलात तर किल्ला अर्धाच पाहिला.

आपण गडकोट बघत वाढलेली माणसं आहोत. शियोंही त्याच नजरेनं बघा. काठालगतच्या पाण्यातल्या खडकावर तो बसलाय. इथे डोंगर आणि तळं यांच्यामध्ये जेमतेम रस्त्यापुरती जागा. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीकडे जाणारी वाट इथूनच जायची. ती वाट तेव्हा इथे राज्य करणाऱ्या सव्हॉय घराण्यानं या किल्ल्यातून रोखून धरली. त्यामुळे रस्त्याच्या बाजूला बुरूज आणि जंग्या दिसतात. तळ्याच्या बाजूला मात्र दालनांच्या मोठ्या, नक्षीदार खिडक्या. पुढे लढाऊ गढी, पाठीमागे राजवाडा! हे दोन्ही चेहरे तुमच्या फोटोत आले पाहिजेत.

आता उजेडाचं. तळ्याकडची भिंत पश्चिमेला आहे, आणि पूर्वेला लगेच डोंगर. मी पहिल्या दिवशी सकाळी लवकर गेलो, तर सगळा किल्ला सावलीत, दगड राखाडी. तेच दगड दुपारनंतर मधासारखे उजळतात. किल्ल्यापाशी बोटीचा धक्का आहे. दुपारच्या बोटीनं या, म्हणजे पाण्याकडचा चेहरा समोरून मिळेल.

आणि तळघर. त्यासाठी वेळ राखून ठेवा. जिनिव्हाच्या स्वातंत्र्यासाठी सव्हॉयच्या ड्यूकशी भांडलेला फ्रान्स्वा बोनिव्हार इथे चार वर्षं खांबाला साखळीनं बांधलेला होता. 1536 मध्ये बर्नच्या फौजेनं किल्ला घेतला, तेव्हा तो सुटला. 1816 मध्ये इंग्रज कवी बायरन इथे आला आणि ही हकिगत त्याच्या कवितेतून जगभर गेली. एका खांबावर बायरनचं नाव कोरलेलं आहे. लोक त्या नावाचा फोटो काढतात आणि निघतात. माझं सांगणं आहे, वर बघा. दुपार कलली की तळ्यावरचं ऊन चिंचोळ्या झरोक्यांतून आत येतं आणि कमानींवर लाटांची जाळी हलायला लागते. फ्लॅश लावलात तर ती जाळी गेलीच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा, खांबाला पाठ टेकवा, श्वास रोखा आणि एक्स्पोजर झरोक्यावर नको, छतावर मोजा. झरोका पांढरा जळाला तरी जळू दे.

मी तिथे जवळजवळ तासभर उभा होतो. बोनिव्हारनं चार वर्षं हाच उजेड रोज पाहिला असेल, हे मनातून जाईना.

दिवे जरा मंद करता का? ही ती फ्रेम. खाली कोपऱ्यात बघा, ती बांधलेली भिंत नाही. तो बेटाचा मूळ खडक आहे, आणि त्याच्यावरही पाणी हलतंय.