लाकडी चासी

(दृश्य: वर्कशॉप. स्टँडवर आडवी ठेवलेली गाडीची चासी. कॅमेरा कडेवरून सरकतो, प्लायवूडचे थर दिसतात.)

ही चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, प्लायवूडची आहे. स्पोर्ट्स कारची. प्रदर्शनात मिरवायला नाही, शर्यतीत पळवायला बनवलेली.

गाडीत लाकूड आपल्याला नवीन नाही. ट्रकची नुसती चासी कंपनीतून बाहेर पडते आणि तिच्यावर लाकडी बॉडी चढवणारे कारागीर हायवेच्या कडेला आजही सापडतात. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला निघालेल्या पहिल्या एसटीची बॉडीसुद्धा लाकडीच होती. पण ते सगळं वरच्या मजल्यावर. खाली, जिथे इंजिन बसतं आणि खड्ड्याचा दणका पोचतो, तिथे लोखंडच. इंग्लंडच्या मॉर्गन गाडीची चासी लाकडाची असते असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. तिथेही अ‍ॅशच्या लाकडाचा सांगाडा आहे तो बॉडीचा, चासी धातूची.

खरोखर खालचा भार लाकडावर टाकला तो मार्कोसने.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. शर्यतीचा ट्रॅक.)

१९५९. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन या दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून कंपनीचं नाव झालं मार्कोस. कॉस्टिन मूळचा विमानवाला. डी हॅविलँड कंपनीत हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारा इंजिनिअर. १९५८ मध्ये फॉर्म्युला वनचं पहिलंवहिलं कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांचं, विजेतेपद घेणाऱ्या व्हॅनवॉलच्या बॉडीचा आकारही त्याचाच. आणि डी हॅविलँड म्हणजे मॉस्किटो बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धातलं लाकडी बॉम्बर: बर्चच्या पातळ प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड. त्या कंपनीत राहिलेल्या माणसाला लाकूड कच्चं वाटेलच कशाला?

आता थोडा हिशोब. पोलादाचं वजन घनमीटरला सुमारे ७८५० किलो, बर्च प्लायवूडचं सातशेच्या आसपास. म्हणजे एक मिलिमीटर पत्र्याच्या वजनात अकरा मिलिमीटर जाडीचं प्लाय बसतं. मूळ ताठपणात प्लाय पोलादाच्या विसाव्या हिश्श्याच्याही खाली, हे खरं. पण जाडी दुप्पट झाली की फळी वाकवायला आठपट जोर लागतो; जाडी अकरापट झाली, तर हा आकडा हजाराच्या वर जातो. वजन तेवढंच ठेवलं, तर सपाट फळी वाकवण्याच्या परीक्षेत पत्रा प्लायच्या जवळपासही येत नाही. कॉस्टिनने अशा फळ्यांच्या बंद पेट्या केल्या आणि त्या एकमेकींना चिकटवल्या. गाडी हलकी झाली, पिळाला ताठ राहिली. पुढे तीनदा जगज्जेता झालेला जॅकी स्टुअर्ट सुरुवातीच्या दिवसांत मार्कोस चालवत होता.

दिसायला मात्र त्या पहिल्या मार्कोस कुरूप होत्या. तेवढं मान्य करायला हवं.

(दृश्य: प्लायवूडच्या दोन पट्ट्या. कडेने बाहेर आलेला सरस. शिकंजा आवळणारे हात.)

लाकूड क्वचितच दगा देतं. दगा देतो सांधा. याचा दाखला आपल्याच हवेत मिळाला होता. १९४४ मध्ये भारतात तैनात असलेल्या मॉस्किटो विमानांचे चिकटवलेले सांधे सुटू लागले. विमानं हवेत मोडली, आणि तपासणी होईपर्यंत बाकीची जमिनीवर उभी करावी लागली. सुरुवातीच्या मॉस्किटोंत दुधातल्या केसिनपासून केलेला सरस होता. दमट हवा आणि बुरशी या दोन्हींपुढे तो नांगी टाकतो. चिकटवण्याच्या कामातली ढिलाईही त्या वेळी उघडी पडली. पुढे कृत्रिम रेझिनचे सरस आले, ते पाण्याला पुरून उरतात. मार्कोसची चासी याच नव्या पिढीतली, मरिन म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायची.

सरस सुधारला, पण त्याला लागणारा वेळ? १९६४ मध्ये आलेल्या मार्कोस १८०० च्या चासीत प्लायवूडचे ३८६ तुकडे होते. प्रत्येक तुकडा कापायचा, कड तासायची, सरस लावायचा, शिकंज्यात धरायचा, वाळू द्यायचा. यंत्रसामग्री फारशी लागत नाही, म्हणून छोट्या कंपनीला हे सुरुवातीला परवडतं. ऑर्डर वाढल्या की हेच गळ्याशी येतं. चौकोनी पोलादी नळ्या कापून वेल्ड करायला त्या मानाने काहीच वेळ लागत नाही. १९६९ मध्ये मार्कोसने लाकूड सोडलं आणि तशी चासी घेतली. वेळ वाचला, पैसा वाचला. लाकूड भार पेलण्यात कमी पडलं म्हणून कंपनीने ते सोडलं असं मला वाटत नाही. मजुरीच्या हिशोबात ते हरलं.

(दृश्य: कोकण. बांबूचं बेट, तोडणी चालू. कापलेल्या माणग्याचा आडवा छेद.)

मग बांबू? तो तर झपाट्याने वाढतो. तंतू उभे, ओढ सोसण्यात पक्का. आपल्या सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव, त्यामुळे पोकळ बांबूसारखा सहज चेपत नाही. पण त्यात बोल्टसाठी भोक पाडा आणि गाडीचे हादरे द्या: तंतूंच्या रेषेत उभी चीर जाते. शिवाय एक बांबू दुसऱ्यासारखा नसतो. जाडी वेगळी, पेरांमधलं अंतर वेगळं. भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया करायची, ती वेगळीच. फिलिपिन्सच्या केनेथ कोबोनपुए या डिझायनरने २०११ मध्ये फिनिक्स नावाची बांबू-वेताची गाडी दाखवली, तीत पोलादही होतंच.

बांबूची चासी करायचीच, तर तो चिरून, पट्ट्या तासून, रेझिनने दाबून फळ्या कराव्या लागतात. सस्पेन्शन बसतं तिथे धातूच्या प्लेटा घालाव्या लागतात, म्हणजे हादरा एका बोल्टवर न येता पसरतो. इथवर आलं की माल बांबूचा, पण काम मार्कोसच्या सुतारांचंच.

(दृश्य: देवदाराच्या गाडीचा दरवाजा, जवळून. लाकडाच्या रेषा.)

सांध्याची वेगळी वाट टोयोटाने दाखवली. २०१६ मध्ये मिलानला मांडलेल्या सेत्सुना या गाडीची बॉडी जपानी देवदाराच्या ८६ फळ्यांची, चौकट बर्चची. खिळा नाही, स्क्रू नाही. खाचेत खाच आणि पाचर. एखादी फळी खराब झाली तर तेवढीच काढून दुसरी बसवायची. वेग मात्र ताशी ४५ किलोमीटर, आणि विक्रीला ती कधी आलीच नाही.