क्लोरीन उन्हानं खाल्लं की शेवाळानं?

नमस्कार मंडळी. ऊन तापायला लागलं की ज्यांच्या घरामागे छोटा-मोठा स्विमिंग पूल आहे त्यांची एकच तक्रार सुरू होते, सकाळी क्लोरीन टाकलं आणि संध्याकाळी टेस्ट केली तर शून्य, मग गेलं कुठं? मग अजून टाकतात, दुसऱ्या दिवशी परत शून्य, परत टाकतात, आणि महिनाभरात डबेच्या डबे रिकामे. आज मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की डबा उघडायच्या आधी ते क्लोरीन नेमकं कशानं संपतंय ते बघा. मोठी कारणं दोनच आहेत, एक ऊन आणि दुसरं पाण्यातली घाण, म्हणजे शेवाळ, घाम, सनस्क्रीन, पालापाचोळा हे सगळं. दोघांवरचा इलाज वेगळा आहे, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी उन्हाचं बोलू. बऱ्याच जणांना वाटतं की पाणी गरम झालं म्हणून क्लोरीन उडून जातं. गरमीनं थोडा फरक पडतो, नाही असं नाही, पण खरा मार असतो तो उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांचा. या किरणांनी क्लोरीन फुटतं आणि मागं उरतं साधं क्लोराइड, जे मिठात असतं तेच, त्याचा जंतू मारायला काडीचा उपयोग नाही. पाण्यात स्टॅबिलायझर नसेल तर भर दुपारच्या उघड्या उन्हात पाऊण तासाच्या आसपास निम्मं क्लोरीन जातं आणि दोनेक तासांत जवळजवळ सगळंच गेलेलं असतं. म्हणजे सकाळी नऊला टाकलेलं क्लोरीन दुपारी पोरं पाण्यात उतरतात तेव्हा नसतंच.

हा स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि लागेल तसं थोडं थोडं सोडतं, धरलेल्या क्लोरीनला ऊन सहज तोडू शकत नाही. साध्या पूलला ३० ते ५० पीपीएम ठेवतात, मीठ टाकून क्लोरीन तयार करणारी मशीन असेल तर थोडं जास्त, ६० ते ८० पर्यंत. हिशोब सोपा आहे, हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम, तर ४०,००० लिटरचा पूल असेल आणि शून्यावरून ३० वर न्यायचं असेल तर १ किलो २०० ग्रॅम लागेल. पावडर लवकर विरघळत नाही म्हणून जुन्या पायमोज्यात भरून, पाणी जिथून परत पूलमध्ये येतं त्या तोंडासमोर लटकवतात आणि मधूनमधून पिळतात. टेस्टमध्ये पूर्ण आकडा दिसायला कधीकधी आठवडा जातो, त्यामुळे दोन दिवसांनी आकडा कमी दिसला म्हणून घाईघाईत परत टाकू नका, हे मी मुद्दाम सांगतोय कारण घोळ इथंच होतो.

आता गंमत अशी की ज्यानं क्लोरीन वाचतं त्यानंच ते मंदही होतं. स्टॅबिलायझर जितका जास्त तितकं जंतू मारायला मोकळं क्लोरीन कमी, म्हणून स्टॅबिलायझरच्या साधारण साडेसात टक्के फ्री क्लोरीन, म्हणजे घाणीत अडकून न पडलेलं क्लोरीन, ठेवा असं पूलवाले सांगतात. ३० असेल तर सव्वादोन, ५० असेल तर पावणेचार, आणि १०० झालं असेल तर साडेसात. म्हणजे १०० वाल्या पूलमध्ये टेस्ट किटवर २ दिसलं तरी पाणी हिरवं व्हायला लागतं, आणि माणूस डोकं धरून बसतो की क्लोरीन तर आहे मग हे काय.

एवढं १०० पर्यंत जातं कसं, तर गोळ्यांमुळे. तरंगत्या डब्यात ठेवायच्या त्या पांढऱ्या ट्रायक्लोरच्या गोळ्यांमध्ये वजनाच्या निम्म्याहून जास्त सायन्युरिक ॲसिडच असतं. गोळ्यांमधून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की त्याच्यासोबत साधारण ६ पीपीएम स्टॅबिलायझर पण पाण्यात गेलेला असतो. उन्हाळ्यात पूल रोज २ पीपीएम खातोय असं धरलं तर दोन महिन्यांत १२० पीपीएम क्लोरीन गेलं, आणि मागं राहिला ७० च्या वर स्टॅबिलायझर, तुम्ही वेगळा चमचाभर न टाकता. पाण्याची वाफ होते पण हा वाफेबरोबर जात नाही, तो कमी होतो फक्त पाणी बाहेर काढून नवीन भरल्यावर. निम्मं पाणी बदललं की निम्मा होतो. पण पूल सगळा रिकामा करू नका हां, जमिनीखाली पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते, तडे जातात, मग क्लोरीनचा खर्च परवडला म्हणायची वेळ येते. माझं मत विचाराल तर गोळ्या बाहेरगावी जाताना ठीक आहेत, रोजच्याला लिक्विड क्लोरीन बरं, त्यातून स्टॅबिलायझर वाढत नाही. दहा टक्केवालं लिक्विड असेल तर त्याच ४०,००० लिटरच्या पूलला १ पीपीएम वाढवायला साधारण ४०० मिली पुरतं. फक्त तो कॅन उन्हात किंवा तापलेल्या शेडमध्ये ठेवू नका, बंद कॅनमध्ये पण त्याचा जोर उतरत जातो, म्हणून थोडं थोडंच आणायचं आणि ताजं वापरायचं.

हे झालं उन्हाचं. पण तुमच्या पूलचं क्लोरीन ऊनच खातंय हे कशावरून? त्याची एक फुकटातली परीक्षा आहे. सूर्य मावळला की क्लोरीन टाका, पंप चालू ठेवा, तासाभरानं पाणी नीट मिसळलं की टेस्ट करा आणि आकडा लिहून ठेवा. रात्रभर कुणी पाण्यात उतरायचं नाही. सकाळी पाण्यावर ऊन पडायच्या आधी परत टेस्ट. रात्री ऊन नसतं, त्यामुळे जे काही कमी झालं ते पाण्यातल्या घाणीनंच खाल्लेलं. १ पीपीएमपर्यंतचा फरक चालतो, त्याच्यापेक्षा जास्त गेलं तर पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी आत शेवाळ धरायला लागलंय असं समजा. आणि रात्री काहीच कमी झालं नाही पण दिवसा मात्र सगळं उडतंय, तर मग स्टॅबिलायझर तपासा, तो कमी असणार.

रात्री उडत असेल तर स्टॅबिलायझर वाढवून काही होणार नाही, उलट बिघडेल. तिथं शॉक द्यायला लागतो, म्हणजे संध्याकाळी क्लोरीन एकदम वर नेऊन ते तिथंच धरून ठेवायचं, उतरलं की परत टाकायचं, पंप चोवीस तास चालू, फिल्टर साफ, आणि भिंती ब्रशनं घासायच्या, शिडीच्या मागं, लाइटच्या कडेला, पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडात, जिथं हात पोचत नाही तिथंच शेवाळ बसलेलं असतं. रात्रीची टेस्ट पास होईपर्यंत हे सोडायचं नाही, एक दिवस करून थांबलं की चार दिवसांत परत तेच.

आणि तो डोळे चुरचुरणारा उग्र वास येतो ना, लोक म्हणतात क्लोरीन फार झालं, बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनबरोबर क्लोरीन अडकून क्लोरामाइन होतं, वास त्याचा येतो, म्हणजे मोकळं क्लोरीन कमी पडलंय.

टेस्ट किटबद्दल एक सांगतो, यात भले भले फसतात. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट असेल आणि क्लोरीन खूपच जास्त असेल तर तो रंगच ब्लीच होतो, नमुना पांढरा स्वच्छ दिसतो, माणसाला वाटतं शून्य आणि तो अजून ओततो. थेंब टाकताच क्षणभर गुलाबी चमकून गेलं तर संशय घ्या, नमुन्यात निम्मं साधं पाणी मिसळून परत बघा. पिवळा रंग देणारं स्वस्त किट टोटल क्लोरीन, म्हणजे फ्री आणि क्लोरामाइनमध्ये अडकलेलं मिळून, दाखवतं, फ्री किती ते त्यातून कळत नाही.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेवा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात साडेसातला निम्मं क्लोरीन जोरदार रूपात असतं, आठला पाव हिस्सा सुद्धा नाही. दिवसा पूलवर ऊन न जाऊ देणारं जाड कव्हर टाकलं तर खूप वाचतं, फक्त शॉक दिल्यावर कव्हर काढून ठेवा. मिठाच्या मशीनवाल्यांनी लक्षात घ्या, पंप बंद असला की मशीन क्लोरीन बनवत नाही, उन्हाळ्यात तास वाढवायलाच लागतात.

आणि वेगवेगळ्या जातीचं क्लोरीन कधी एकत्र करायचं नाही, गोळ्यांच्या डब्यात क्लोरीनची पावडर तर अजिबात नाही, आग लागते, स्फोट होतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं की विषारी गॅस सुटतो. बादलीत आधी पाणी, मग त्यात पावडर, उलटं नाही. फ्री क्लोरीन १ च्या खाली असेल, स्टॅबिलायझरवाल्या पूलमध्ये २ च्या खाली, किंवा तळाची जाळी वरून स्पष्ट दिसत नसेल, तर पोरांनी कितीही हट्ट केला तरी त्या दिवशी कुणाला पाण्यात उतरू देऊ नका.