ठाण्याला पाठवा

(दृश्य: किल्ला कोर्टाबाहेर कैद्यांची व्हॅन)

साडेदहा वाजलेत. किल्ला कोर्टापाशी आर्थर रोडची व्हॅन लागली आहे. जाळीतून बोटं बाहेर येतात, खाली उभी बाई बिस्किटाचा पुडा वर धरते. व्हॅनमधल्या प्रत्येकाची आज तारीख आहे. एखाद्याच्याच कागदावर मॅजिस्ट्रेट वेगळा आदेश लिहितात: मानसिक तपासणीसाठी पाठवा.

ही सुटका नव्हे. गुन्हा करताना आपण काय करतोय हे आरोपीला कळत होतं का, तो मुद्दा न्याय संहितेच्या कलम 22 चा, म्हणजे जुन्या आयपीसी 84 चा. आज त्याला कोर्टात स्वतःचा बचाव करता येईल का, हा मुद्दा निराळा; येत नसेल तर खटला थांबतो. बातम्यांत दोन्हींची सर्रास खिचडी होते.

(दृश्य: जुनी कात्रणं)

मुंबईतला सीरियल किलर रमण राघव, 1968. पोलीस सर्जनने त्याला ठणठणीत ठरवलं. बचाव पक्षाने आणलेले नायर रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, स्किझोफ्रेनिया. सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली. अपील करू नका, असं त्यानेच वकिलाला बजावलं. शिक्षा कायम करण्याआधी हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. मंडळ त्याला पाचदा भेटलं, दरवेळी दोनेक तास. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तर हा हात मिळवेना. म्हणे, मी कानूनचा प्रतिनिधी, या पापी जगातल्या माणसांना शिवणार नाही. फाशीची जन्मठेप झाली. 1995 मध्ये तो ससूनमध्ये वारला.

(दृश्य: ठाणे मनोरुग्णालयाचं फाटक)

मुंबईतले असे आरोपी बहुतेक इथे येतात. 1901 पासूनचं रुग्णालय, मंजूर खाटा 1850. याच्याच जमिनीवर ठाणे-मुलुंडमधलं नवं स्टेशन होतंय. चर्चा जास्त त्याचीच.

(दृश्य: फक्त हात. चेहरे दाखवायचे नाहीत.)

सिस्टर तळहातावर गोळी ठेवतात. पाण्याचा पेला. मग, "आ करा बघू." जीभ वर, जीभ खाली. गोळी गालात लपवण्यात काही जण पटाईत असतात. नेमाने घेतली तर बऱ्याच जणांच्या कानातले आवाज हळूहळू कमी होतात, झोप लागते, माणूस आपलं नाव, गाव आणि कलमसुद्धा सांगू लागतो. उपचार लागू पडतात, हे आम्ही ठासून सांगतो. डॉक्टरांचा अहवाल कोर्टाकडे जातो, थांबलेला खटला पुढे सरकू शकतो.

सरकू शकतो, एस्कॉर्ट मिळाला तर. पोलीस बंदोबस्ताला गेले की ती तारीख गेली.

(दृश्य: ओपीडीची रांग)

दाखल ठेवायची गरज नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 369 खाली कोर्ट जामीन देऊ शकतं. नातेवाईक किंवा मित्राने नियमित ओपीडीला नेण्याची हमी द्यायची. हमीदार नसला की मुक्काम लांबतो. आसामच्या मचांग लालुंग या कच्च्या कैद्याची कोठडी 54 वर्षं लांबली, 1951 ते 2005.

कोठडीतल्या किंवा मनोरुग्णालयात डांबलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्याच्या वतीने घरच्यांनीही अर्ज केला तरी चालतो.