भट्टी आणि तालीम

[रात्र. भट्टी. बाटलीच्या तोंडाशी निळी ज्योत.]

बाटली काचेचीच आहे, हिच्यात आयुर्वेदातलं रससिंदूर हे औषध तयार होतंय. आत काळी मिट्ट पूड, पारा आणि गंधक, खलात इतका वेळ घोटलंय की पाऱ्याचा एक चकाकता कण दिसत नाही, तेव्हा कुठे ही कज्जली झाली. बाटलीवर मुलतानी मातीत भिजवलेल्या कापडाचे सात थर, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही, आणि मग ती वाळूनं भरलेल्या भांड्यात गळ्यापर्यंत पुरली. हे वालुकायंत्र.

[आच. शलाका.]

आधी मंद आच, मग मध्यम, मग तीव्र. घाई केली की बाटली फुटते, म्हणून वैद्य आणि त्यांचा मदतनीस आळीपाळीनं जागतायत. जास्तीचं गंधक आधी वर येतं, गळ्याशी साचतं, तोंड बंद करायला बघतं, म्हणून ही लालबुंद तापवलेली सळई आत घालून गळा मोकळा करायचा, परत परत, रात्रभर. ज्योत निळी आहे कारण गंधक जळतंय. ती विझली, तळाशी लाल झळाळी दिसली की बूच लावायचं आणि आच पूर्ण वाढवायची.

आता आत काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही. साधारण 580 अंश सेल्सिअसला ही पूड वितळत नाही, पातळ व्हायचा टप्पाच नाही, सरळ वाफ होते, वर चढते, आणि वाळूच्या बाहेर राहिलेल्या गार गळ्याला लागली की पुन्हा घट्ट. शाळेच्या पुस्तकात याला संप्लवन म्हणतात, इंग्रजीत सब्लिमेशन, आणि रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या पाऱ्याच्या औषधांच्या शास्त्रात, ऊर्ध्वपातन. आरतीच्या ताटात उघडा राहिलेला कापूर हळूहळू संपतो तेही हेच. इथे थोडं जास्त घडतं, पारा आणि गंधक वर जाताना सुटे होतात आणि गळ्याशी परत जुळतात. प्रयोगशाळेत नवसागर तापवला की त्याचंही असंच होतं.

[सकाळ. रॉकेलमधला दोरा. ओलं फडकं. बाटली तडकते.]

भट्टी आपोआप गार होऊ द्यायची. मग दोरा पेटवून, ओलं फडकं लावून बाटली बरोबर हवी तिथे तोडायची. आणि हे बघा, रससिंदूर! गळ्याशी लालभडक थर. खाली घातलं होतं ते काळं, वर मिळालं ते लाल, पण रासायनिक सूत्र दोन्हींचं एकच, मर्क्युरी सल्फाइड. पदार्थ तोच आहे, त्याची घडण बदलली. पाऱ्याची वाफ विषारी असते, घरी करू नका.

[व्हिएन्ना, जुने फोटो.]

मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडनं हाच सब्लिमेशन शब्द मनासाठी वापरला, त्या अर्थानं मराठीत आपण उदात्तीकरण म्हणतो. 1905 च्या निबंधांत तो सांगतो की वासना दाबली म्हणून नाहीशी होत नाही, पण तिचा जोर वेगळ्या कामाला लागू शकतो, कलेला, अभ्यासाला. 1910 मध्ये त्यानं लिओनार्दो दा विंचीवर याच नजरेनं लिहिलं. पुढे त्याची मुलगी अ‍ॅना हिनं 1936 मध्ये मनाच्या बचावाच्या पद्धतींत हीसुद्धा धरली. रागालाही हेच लागू होतं असं नंतर मानलं गेलं. या सगळ्याला पुरावा किती, यावर मानसशास्त्रात वाद आहेत.

[कोल्हापूर. पहाट. लाल माती.]

आणि ही तालीम. मातीत ताक, लिंबू, हळद, तेल मुरवलंय. नवीन पोरगा आला की वस्ताद त्याला लगेच कुस्ती देत नाहीत, आधी खोऱ्यानं आखाडा उकरायला लावतात, मग जोर, मग बैठका, आणि घाम गळून गळून हात जड झाले की मग जोडीला उभं करतात. सलामी, मग पकड. बाहेर ज्या ताकदीनं यानं कुणाचं तरी डोकं फोडलं असतं तीच ताकद इथे धोबीपछाड शिकतीये, समोरच्याला खांद्यावरून आणताना त्याची मान सांभाळायला शिकतीये. बाहेर मारामारी केली तर तालीम बंद, हा इथला नियम.

घरीदारी पोरांना आपण सांगतो, राग गिळ. गिळून तो जातो कुठे? त्याला आच लागते, वेळ लागतो आणि वर गेल्यावर धरून ठेवणारी एक गार जागा लागते, आखाडा, तबला, सुतारकाम, काहीही.

सगळा राग असा वर जाईल असं मात्र नाही. 1908 मध्ये फ्रॉइडनंच लिहिलंय की यंत्रात जशी सगळी उष्णता कामात बदलत नाही तसंच इथंही. या बाटलीच्या तळाशीही थोडी राख उरलीच. पण जेवढा जाईल तेवढ्याला जागा हवी, म्हणून शाळेत खेळाचा आणि चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकतात, ते आधी थांबवा.